साक्षीदार पायजेत दोन

"वैनी, जित्या माणसाला मरणाचा फॉर्म भरायला लावत्यात का हो?"

मी दोरीवरचे कपडे काढत होते. भिंतीपल्याड काकू पोतं पसरून मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या. धर्माबादच्या मोंढ्यात लाल मिरची यायला लागली की आमच्या गल्लीत कुणाच्या ना कुणाच्या अंगणात हे पोतं दिसणारच, आणि जाणारा-येणारा शिंकत जाणारच. काकूंची बोटं तिखटानं माखलेली, म्हणून मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. पिशवीवरूनच करंगळीच्या पेरानं त्या पडदा वर-खाली करत होत्या.

"कुणी लावलं भरायला?"

"पोरानं. डल्लासहून लिंक पाठवलीय. म्हणायला, आई, मृत्युपत्र आता ऑनलाईन होतंय, घरी बसून अर्ध्या तासाचं काम. मला तर झोपच न्हाई रातभर. कामून आठवलं असंल त्याला? म्या तर बरी हाय. शुगर थोडी हाय, ती कुणाला न्हाई?"

मी बँकेतून निवृत्त झालेली, त्यामुळं गल्लीत मला अर्ध्या वकिलाचा मान आहे. फी मात्र कुणी देत नाही. मी म्हटलं, "काकू, पोरानं विचारलं ते चांगलं केलं. फक्त अर्धंच सांगितलं."

"म्हंजे?"

"म्हणजे मोबाईलवर मृत्युपत्राचा मसुदा होतो. मृत्युपत्र होत नाही."

काकूंचा हात थांबला. देठ मिरचीला तसंच.

मग मला सगळं सांगावं लागलं. विजेचं बिल, रेल्वेचं तिकीट, बँकेची एफडी, सगळं मोबाईलवर चालतं. कित्येक करारही आता ऑनलाईन सहीवर चालतात. पण 2000 सालचा जो माहिती तंत्रज्ञानाचा कायदा आहे, त्यानं काही कागद मुद्दाम बाजूला ठेवले, त्यात मृत्युपत्र आहे. 2022 मध्ये सरकारनं ती यादी थोडी सैल केली, तरी मृत्युपत्र बाजूलाच राहिलं. आधारचा ओटीपी टाकून केलेल्या सहीला इथं किंमत नाही. त्या वेबसाईटी तुम्हाला शंभर प्रश्न विचारतात आणि उत्तरं जोडून छापायला नीट कागद देतात, एवढंच. तो कागद छापायचा, त्यावर पेनानं सही करायची, आणि ती सही करताना दोन माणसांनी बघायचं. मग त्या दोघांनी तुमच्यासमोर आपल्या सह्या करायच्या. 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा, कलम 63. तवापासून त्यात तसूभर फरक नाही.

"बाँड पेपर कितीचा? शंभराचा का पाचशेचा?"

"कितीचाच नाही. साधा पांढरा कागद चालतो."

हे काकूंना पटेना. आपल्याकडं उसनवारीला बाँड, भाड्याच्या खोलीला बाँड, भावाभावांत भांडण मिटलं तरी बाँड. अन् सगळ्या इस्टेटीचा कागद बिनबाँडचा? तहसीलसमोरच्या टपरीवाल्याचं पोट कसं भरायचं, असा त्यांचा चेहरा झाला. पण खरंच, मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही. वकिली भाषा पण लागत नाही. मराठीत लिहा, हातानं लिहा, काय कुणाला द्यायचं ते समजलं म्हणजे झालं.

"मंग सोपंच हाय की!"

"सोपं आहे. फक्त दोन साक्षीदार आणा."

आता काकू गप्प झाल्या. कारण धर्माबादेत दोन साक्षीदार म्हणजे दोन भोंगे. त्यांनी एकेक नाव मनात घेतलं आणि टाकलं. समोरचे सर? "त्यांच्या बायकोला सांगितल्याबिगर त्यांला जेवण जात न्हाई." मेडिकलवाला? "त्याच्या दुकानात तर पेपर वाचायला पंधरा जण बसलेले." पुतण्या? "नको गं माय, त्याचा डोळा प्लॉटवर हाय." शेवटी म्हणाल्या, "दोघांला सांगायचं म्हंजे गावाला सांगायचं. मंग मेल्यावर वाचायला काय उरलं?"

इथंच सगळ्यांचं अडतं. म्हणून पोतंभर मालमत्ता असलेली माणसं कागद न करता जातात आणि मागं पोरं वीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. पण खरी गोष्ट अशी की साक्षीदारानं मृत्युपत्र वाचायचंच नसतं. आत काय लिहिलंय ते त्याला ठाऊक असायची गरजच नाही. त्यानं बघायचं ते एवढंच, की ह्या बाईंनी माझ्यासमोर, शुद्धीवर, कुणी हात न धरता सही केली. वरची पानं वर्तमानपत्राखाली झाकून ठेवा, सहीची जागा तेवढी उघडी ठेवा, चालतं. उद्या भांडण कोर्टात गेलं तर त्या दोघांपैकी एकाला तरी उभं राहून सांगावं लागतं, म्हणून साक्षीदार तुमच्यापेक्षा वयानं लहान असावा, गाव सोडून जाणारा नसावा. आणि ज्याच्या पदरात काही पडणार आहे त्याला घेऊ नये. हिंदूंच्या बाबतीत कायदा त्याला सरळ बाद करत नाही, पण न्यायाधीशाच्या भुवया वर जातात, आणि भुवया वर गेल्या की तारखा वाढतात. एक डॉक्टर असला तर फार बरं. सही करायच्याच दिवशी 'बाई ठणठणीत आहेत, सगळं समजून-उमजून करतायत' अशी चिठ्ठीही त्यांच्याकडून घेता येते.

"शुगरवाला डॉक्टर येईल का?"

"का नाही येणार? तुम्ही इतकी वर्षं त्याची फी भरलीय."

काकू खूश झाल्या. लगेच यादीवर आल्या. घर पोराला, प्लॉट पोराला, दागिने लेकीला, एफडी दोघांत. एका दमात वाटप झालं. मी विचारलं, "घर कुणाच्या नावावर आहे?"

"ह्यांच्या. म्हंजे आता माझंच की."

तुमचं नाही ना काकू! काका गेले तेव्हा मृत्युपत्र नव्हतं. घर त्यांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं. सासूबाई आधीच गेलेल्या. मग 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं ते घर त्याच दिवशी तिघांचं झालं: तुम्ही, पोरगा, पोरगी. तिघांना सारखं. तुम्ही लिहून देऊ शकता ते तुमच्या तिसऱ्या हिश्शाचं. पोरीचा हिस्सा पोराला लिहून द्यायचा अधिकार तुम्हाला नाही, पोराच्या वेबसाईटलाही नाही. फॉर्ममध्ये 'मालक' म्हणून तुमचं नाव टाकलं तर फॉर्म मुकाट्यानं घेईल. त्याला काय ठाऊक, काका कधी गेले ते.

"तेच तर त्यो म्हणायला," काकूंचा आवाज खाली आला, "ताईचं हक्कसोड करून घे म्हणून."

आता गंमत बघा. बाप गेल्यावर तेराव्याचं जेवण झालं की पोरीला तहसीलच्या आवारात नेऊन बसवायचं, डोळे पुसायच्या आत अंगठा-सही घ्यायची, साडीचोळी करायची, आणि वर म्हणायचं आमची ताई फार मोठ्या मनाची. आपल्याकडं हे इतकं रुळलंय की कुणाला त्यात वावगं वाटत नाही. महाराष्ट्रानं 1994 मध्ये आणि देशानं 2005 मध्ये लेकीला वडिलोपार्जित इस्टेटीतही जन्मापासून बरोबरीचा हक्क दिला. 2020 च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की बाप 2005 साली जिवंत असो-नसो, हक्क आहेच. लेकीनं आपणहून सोडला तर तिची मर्जी. पण आईच्या तोंडून मागून घ्यायचा, हे मला तरी बरं दिसत नाही, आणि मी ते काकूंना तोंडावर सांगितलं.

काकू रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "दुखण्यात धा दिवस तीच येऊन बसली होती." आणि दोन मिरच्या जरा जोरात खुडल्या.

"शेताचं?"

"शेत वडिलोपार्जित, त्याचं गणित वेगळं. ते वकिलाकडूनच करून घ्या. सातबारावर नावं लागली का तुमची?"

लागली होती. 2025 च्या एप्रिलात ती 'जिवंत सातबारा' मोहीम निघाली ना, बुलढाण्यात सुरू झालेली, मग राज्यभर गेलेली. सातबारावरच्या मेलेल्या माणसांची नावं काढायची, वारसांची लावायची. तेव्हा तलाठ्यानं काकांचं नाव कमी करून तिघांची लावली. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण म्हणतंय कोण!) मात्र सातबारावर नाव लागलं म्हणजे मालकी ठरली असं नाही. तो महसुलाचा कागद, सारा कुणाकडून वसूल करायचा ते सांगणारा.

"सातबारा जिवंत झाला अन् मला मरणाचा फॉर्म आला," काकू म्हणाल्या. त्यांचा स्वभाव हा असा.

मग एफडीवर आलो. काकू ठामपणे म्हणाल्या, एफडीला पोरगा नॉमिनी आहे, तेव्हा एफडी त्याचीच. नॉमिनी म्हणजे पंगतीतला वाढपी. पातेलं त्याच्या हातात, पण जेवण त्याचं नाही. हे मी गल्लीतल्या कित्येकांना सांगून थकले. आता मात्र दाखला असा आहे की कुणी खोडू शकत नाही. मी काकूंना म्हटलं, तुमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला काय टांगलंय?

"कालनिर्णय."

ते 1973 साली सुरू करणारे जयंतराव साळगावकर. अख्ख्या महाराष्ट्राला मुहूर्त सांगणारा माणूस. त्यांनी 2011 च्या जूनमध्ये मृत्युपत्र केलं होतं. 2013 च्या ऑगस्टमध्ये ते गेले. त्यांच्या म्युच्युअल फंडातल्या काही गुंतवणुकींना घरातलेच काही जण नॉमिनी होते. नॉमिनी म्हणाले, हे आता आमचं, मृत्युपत्राशी ह्याचा संबंध नाही. प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं, 2016 मध्ये तिथला निकाल नॉमिनींच्या विरुद्ध लागला, मग सुप्रीम कोर्ट. शेवटी 14 डिसेंबर 2023 ला निकाल आला: नॉमिनी मालक होत नाही, मालकी मृत्युपत्रानं किंवा वारसा कायद्यानंच ठरते. म्हणजे मृत्युपत्र वेळेत करून ठेवलेल्या घरातही दहा वर्षं गेली.

काकूंनी आत वळून भिंतीकडं बघितलं, जणू कालनिर्णयलाच विचारायलात.

"म्हणून एफडीचा नॉमिनी आणि मृत्युपत्रातलं नाव एकच ठेवा. 2025 च्या नोव्हेंबरपासून बँकेत चार नॉमिनी लावता येतात, कुणाला किती टक्के तेसुद्धा लिहिता येतं. पोरगी पण लावा."

"पोरगा सोबत आला होता तवा एफडी करायला, मंग त्याचंच लावलं." ह्या एका वाक्यात आपल्याकडच्या निम्म्या नॉमिनेशनांचा इतिहास आहे.

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या बाई देवळात निघालेल्या दिसल्या, बहिणीचा हात धरून. काकूंनी त्या वळेपर्यंत वाट बघितली आणि हनुवटीनं खूण केली. "ह्यांनी केलं का कागद?"

नसणार. आणि खरं तर सगळ्यात जास्त गरज त्यांना. बाई शाळेत होत्या, मिस्टर जाऊन पुष्कळ वर्षं झाली, मूलबाळ नाही. घर स्वतःच्या पगारातलं, पेन्शन स्वतःची. बघायला सख्खी बहीण. दिराचा पोरगा दिवाळीला फराळापुरता. पण बाईंनी कागद न करता डोळे मिटले तर घर बहिणीला नाही जायचं. हिंदू बाईची स्वकष्टाची इस्टेट आधी मुलांना आणि नवऱ्याला, ते नसले तर नवऱ्याच्या वारसांना. तिचे आई-बाप त्यानंतर, बहीण त्याच्याही नंतर.

"दिराच्या पोराला?"

"दिराच्या पोराला. फराळवाल्याला."

नारायणीदेवीची गोष्ट मी सांगितली ती ऐकून काकूंनी मिरच्या बाजूलाच ठेवल्या. 1955 साली लग्न झालं, तीन महिन्यांत नवरा साप चावून गेला. सासरच्यांनी हाकलून दिलं. माहेरच्यांनी शिकवलं, ती नोकरीला लागली, फंड साठवला, बँकेत पैसे ठेवले. 1996 मध्ये गेली, मृत्युपत्र नव्हतं. आई म्हणाली पैसे मला द्या. नवऱ्याच्या बहिणीची पोरं म्हणाली आम्हाला द्या. सुप्रीम कोर्टानं 2009 मध्ये निकाल दिला. सहानुभूती आईकडं, पैसे नणंदेच्या पोरांना. कायदाच तसा आहे, म्हणाले. आता 2025 च्या नोव्हेंबरात त्याच कोर्टानं बायकांना, विशेषतः हिंदू बायकांना, सांगितलं की बायांनो, मृत्युपत्र करून ठेवा. कायदा बदलायचा तेव्हा बदलेल.

"ज्यांनी हाकललं त्यांच्याच घरात?" काकू. "आग लागो त्या कायद्याला!" मग लगेच, "बाईंला म्या सांगते. उद्या आरतीला भेटतील." म्हणजे आरतीपर्यंत सगळ्या देवळाला कळणार, पण ह्या बाबतीत कळलेलं बरंच.

काकूंचं आणखी एक अडत होतं. बापाकडून आलेली दोन एकर, गोदावरीच्या पल्याड. काकूंचा जन्म झाला तेव्हा अल्याड-पल्याड सगळं हैदराबाद संस्थानच. 1956 ला रेघ ओढली, आपण मुंबई राज्यात आलो, काकूंचं माहेर आंध्रात गेलं, आता तेलंगणात. तिथं सातबारा नाही, पट्टादार पासबुक. आधी 'धरणी' नावाची वेबसाईट होती, 2025 पासून 'भूभारती' आहे. पोराच्या फॉर्ममध्ये राज्य एकच निवडता येत होतं, म्हणून काकूंना वाटलं दोन मृत्युपत्रं लागतात. नाही लागत. एकाच कागदात दोन्ही राज्यांतली जमीन लिहा. सर्व्हे नंबर, गाव, मंडल, चतुःसीमा मात्र बिनचूक लिहा, कारण तुम्ही नसताना तो कागद तेलुगू वाचणाऱ्या माणसापुढं जाणार आहे.

निजामाचं नाव निघालंच आहे तर एक सांगून टाकते. 1948 च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली त्याच दिवसांत निजामाच्या तिजोरीतले दहा लाख पौंड लंडनच्या बँकेत, पाकिस्तानच्या हायकमिशनरच्या नावावर जाऊन पडले. कुणाचे, ह्यावर सत्तर वर्षं वाद. 2019 च्या 2 ऑक्टोबरला तिथल्या कोर्टानं भारत आणि निजामाच्या वारसांच्या बाजूनं निकाल दिला. तोवर व्याज धरून साडेतीन कोटी पौंड झाले होते. निजाम 1967 लाच गेलेला. काकू म्हणाल्या, "एवढे वकील असून?" मी म्हटलं, एवढे वकील होते म्हणूनच असेल.

"मंग बक्षीसपत्रच करून टाकू का? आण्णांनी केलं तसं. दोनशे रुपयांत झालं म्हणत्यात."

मी हातातला टॉवेल दोरीवरच टाकला. मुलांना, नातवंडांना राहतं घर किंवा शेत बक्षीस द्यायला दोनशेचा मुद्रांक पुरतो, नोंदणीचा खर्च वेगळा, हे खरं. पण बक्षीसपत्र म्हणजे आज दिलं, आज गेलं. आण्णांना आता गच्चीवरच्या खोलीत ठेवलंय आणि डबा खानावळीतून येतो, हे काकूंना माझ्याआधी ठाऊक होतं. त्यांनीच मला सांगितलं होतं. सांभाळायच्या अटीवर दिलं असलं तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यानं प्रांताकडं दाद मागता येते, पण स्वतःच्या पोराविरुद्ध प्रांताकडं जायला आण्णांचे पाय उचलत नाहीत. मृत्युपत्राचं तसं नाही. तुम्ही आहात तोवर सगळं तुमचं. पटलं नाही तर फाडा, दुसरं करा. शेवटचं जे असेल ते खरं. लोकांना वाटतं रजिस्टर केलेलं पक्कं. पण नंतर साध्या कागदावर दोन साक्षीदारांसमोर केलेलं त्यालाही मागं टाकतं.

"म्हंजे सुनेनं नीट विचारलं न्हाई तर बदलता येतंय?" काकूंच्या डोळ्यांत पहिल्यांदा चमक आली.

"बदलता येतं. पण दर सणाला बदलू नका, डॉक्टर यायचा बंद होईल."

नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. दुय्यम निबंधकाकडं फी शंभर रुपये, वर पानामागं थोडे. माहिती आधी ऑनलाईन भरता येते, वेळही ठरवून घेता येते. पोराच्या हौसेला तेवढा वाव आहे. कुणाला कळू नये असं वाटलं तर बंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकाकडं, नांदेडला, ठेवायचीही सोय आहे. एक मात्र करू नका: मोबाईलचा पिन, बँकेचा पासवर्ड मृत्युपत्रात लिहू नका. नोंदणी केलेल्या मृत्युपत्राची नक्कल माणूस गेल्यावर कुणीही अर्ज करून मागू शकतो. काकूंचा पिन तसाही फ्रीजवर दूधवाल्याच्या हिशोबाशेजारी लिहिलेला आहे, पण तत्त्व म्हणून सांगितलं.

काकूंनी पिशवीतूनच पोराला फोन लावला. डल्लासला रात्रीचे किती वाजले असतील ह्याचा विचार आपल्याकडं कुणी करत नाही. "हां, आई बोलते. फॉर्म भरते म्या. पण तुझं तू भरलायस का? तुझं पण घर हाय की तिकडं." पलीकडं बराच वेळ काही ऐकू आलं नाही.

फोन ठेवून मला म्हणाल्या, "डॉक्टर एक झाला. दुसऱ्या तुम्हीच व्हा वैनी. तुम्हाला सगळं ठाऊकच झालंय, आता वर्तमानपत्र झाकायचं कारण न्हाई."

मी बरं म्हटलं.

"अन् त्यो शेवगा? बुंधा माझ्या अंगणात, शेंगा सगळ्या तुमच्याकडं पडत्यात. म्हणलं होतं शेंगा तुमच्या नावानं लिहाव्यात."

"मग मी साक्षीदार कशी होणार काकू? ज्याला मिळतं त्यानं सही करू नये."

काकूंनी क्षणभर विचार केला, आणि पोत्यावरून उठत म्हणाल्या, "मंग शेंगा आजच तोडून न्या. काठी तिकडं संडासामागं ठेवलीय."